फ्रिजवरचं प्लॅस्टिक

माझ्या दिराने माझ्यावर चोरीचा आळ घेतला तो दोनशे लोकांसमोर. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून फोनवरच्या ग्रुपवर. आमच्या भागातले गेम खेळणारे सगळे त्या ग्रुपवर आहेत. त्याने लिहिलं, 'माझ्या वहिनीच्या दुकानात मशीन देऊ नका. आतलं चांगलं सामान काढून जुनं बसवतात.' त्याच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आपापली मशीनं उचलून घेऊन गेली. एकाने तर माझ्यासमोर उभं राहून कॅबिनेटचे स्क्रू मोजले.

अकरा वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतेय. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि माझं नाव. त्यातलं नाव गेलं तर उरलेलं भंगारात द्यावं.

दिराची तक्रार एवढीच, की त्याचा कॉम्प्युटर खेळताना हँग होतो. एरवी ठणठणीत. पण महिन्याभरापूर्वी त्याने नवा, जड गेम टाकला, आणि तेव्हापासून वीस मिनिटांत चित्र जागच्या जागी थिजायचं, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहायचा. त्याच्या टीमने त्यालाच 'बर्फ' नाव ठेवलं होतं. शनिवारी निवडीची मॅच होती आणि त्यात पुन्हा थिजला तर त्याला नारळ मिळणार होता. तीन महिन्यांपूर्वी त्यातला कूलर, म्हणजे प्रोसेसरला थंड ठेवणारा पंखा आणि त्याखालचा तांब्याचा ठोकळा, मी बदलला होता. त्यामुळे खापर फोडायला माझं डोकं तयारच होतं.

गुरुवारी दुपारी त्याचं मशीन मी त्याच्या खोलीतून उचललं आणि जेवणाच्या टेबलावर आणून आदळलं.

"सगळ्यांसमोर उघडते," मी म्हणाले. "ज्याची चूक निघेल त्याने त्याच ग्रुपवर तसं लिहायचं. नावानिशी."

"लिहा की," दीर म्हणाला. "शब्द सुचले नाहीत तर मी सांगेन."

"भाऊजी, तुम्हाला शब्द फार सुचतात, ते वाचलंय मी."

सासूबाई साक्षीदार म्हणून खुर्ची ओढून बसल्या. त्या तीस वर्षं ग्रंथपाल होत्या आणि हयात पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालण्यात गेली. ती सवय घरी आली. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. वजनकाट्यावरची पातळ फिल्म तशीच आहे, त्यामुळे आकडे धुक्यातून बघावे लागतात. फ्रिज चार वर्षांचा झाला तरी दारावरचं कारखान्यातलं निळं प्लॅस्टिक निघालेलं नाही, कडा उलटल्यात आणि त्यात मळ बसलाय. मी दर आठवड्याला म्हणते, आई, हे मी ओरबाडून काढणार आहे. त्या म्हणतात, वस्तू नवी राहते. या माणसांना वस्तू वापरायची नसते, जपून मारायची असते, असं मी नवऱ्याला कितीदा ऐकवलंय.

मी गेम लावला आणि बाजूला तापमानाचा आकडा उघडला. दहा मिनिटांत तो सत्त्याण्णववर गेला, आणि चित्र थिजलं.

"तापतोय," मी म्हणाले. "कपाटात कोंडून ठेवलाय तुम्ही. श्वास कुठून घेणार तो?"

"कपाटात आधीपण होता. तुम्ही हात लावल्यापासून तापतोय. जुना कूलर बसवलात, मान्य करा."

डोक्यात तिडीक गेली. मी बाजूचं झाकण काढलं, धूळ उडवली, टेबलफॅन थेट आत फिरवला. पुन्हा गेम. पुन्हा सत्त्याण्णव. कूलरचा पंखा तर व्यवस्थित फिरत होता. म्हणजे उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हती. आता कूलर उतरवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"नीट बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "घाई करू नकोस."

दोघांकडेही पाठ करून मी चार स्क्रू काढले आणि कूलर उचलून उलटा केला.

ठोकळ्याच्या तांब्यावर फिल्म होती. पारदर्शक, कोपऱ्याला लाल शेपटी, आणि उष्णता वाहून नेण्यासाठी मध्ये लावतात त्या करड्या पेस्टमधूनही वाचता येणारी ओळ, की बसवण्याआधी ही काढून टाका. तीन महिने तांबं आणि प्रोसेसर यांच्यामध्ये प्लॅस्टिक बसलं होतं, आणि ते मी बसवलं होतं. तेव्हा दीर माझ्या डोक्यावर उभा राहून लवकर करा, लवकर करा म्हणत होता, हे खरं. पण फिल्म काढायचं काम त्याचं नव्हतं.

ग्रुपवरचे दोनशे लोक डोळ्यांसमोर उभे राहिले. मग ते स्क्रू मोजणारं गिऱ्हाईक.

मी नखाने लाल शेपटी धरली, फिल्म सोलली, टिश्यूत गुंडाळली आणि कुर्त्याच्या खिशात घातली.

"पेस्ट वाळलीय," मी म्हणाले. "कपाटातल्या गरमीने. कूलर नवाच आहे, हा बघा."

मी चकचकीत तांबं त्याच्या नाकासमोर धरलं. ताजी पेस्ट लावून कूलर बसवला. गेम तासभर चालला आणि आकडा अडुसष्टच्या वर गेला नाही. दिराने ओठ चावत फोन काढला, लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, 'चूक माझी होती. मशीन मीच कोंडून ठेवलं होतं. वहिनीचं काम चोख आहे.' माझ्याकडे न बघता त्याने कॉम्प्युटर उचलला आणि दार लाथेने लोटून आत गेला. मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त बरं वाटलं.

शनिवारी तो निवडला गेला. जुनं एक गिऱ्हाईकही परत आलं.

रविवारी सकाळी मी चहा करत होते. सासूबाई कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी सगळ्यांचे खिसे तपासतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. त्या आल्या आणि ओट्यावर टिश्यू उलगडून ठेवला. आत फिल्म होती, लाल शेपटीसकट.

"तुझ्या खिशात होतं," त्या म्हणाल्या. "बसवण्याआधी काढा, असं लिहिलंय यावर. मला वाचता येतं."

मी चहा ढवळत राहिले. साखर घालायची राहिली होती.

"आई, भाऊजींना सांगणार?"

"कशाला? घरात भांडणं मला आवडत नाहीत."

त्यांनी फिल्म नळाखाली धरून पेस्ट पुसून काढली, फडक्याने कोरडी केली, आणि रिमोटच्या जास्तीच्या पिशव्या असतात त्या खणात नीट सपाट ठेवली. खण बंद केला. मग फ्रिजपाशी गेल्या आणि उलटलेल्या कडेवरून अंगठा फिरवून निळं प्लॅस्टिक पुन्हा दाबून बसवलं.

"हे काढणार म्हणत होतीस ना तू?" त्या म्हणाल्या. "राहू दे."

"हो आई," मी म्हणाले.