तळहाताचा ठसा

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे, लहान बाळाच्या खाटेत मावेल एवढीच. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी विनवतात, की आम्हाला टाकू नका. माझे मागणे थोडे वेगळे आहे.

मला एका आईने शिवले. ती गाद्यांच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर मोठमोठ्या गाद्या शिवून घरी आली, की खिडकीपाशी बसून पोटातल्या बाळासाठी मला शिवायची. कापूस ठासून भरायची, दाभणाने आरपार टाके घालायची. एक ओळ झाली की माझ्यावर तळहात दाबायची आणि उचलायची. हातामागोमाग मी वर आले, तर "हं" म्हणायची. नाही आले, तर सगळी ओळ उसवायची.

शेजारीण हसायची. "अगं, बाळासाठी गादी करतेयस की ओटा बांधतेयस?"

"मऊ गादी कुणीही करील," आई म्हणायची. "घट्ट करायला हात लागतो. ज्याला अजून मान उचलता येत नाही, त्याला मऊ काही नको."

माझ्यावरच तिची लेक वाढली. पुढे मी लेकीच्या बाहुल्यांची झाले, मग ट्रंकेत गेले. आईची सवय मात्र सुटली नाही. पाहुणे म्हणून कुठे गेली, तरी निजण्याआधी गादीवर तळहात टेकून बघायची. लेक लाजेने अर्धी व्हायची. "आई, लोक काय म्हणतील!"

कितीतरी वर्षांनी ट्रंक उघडली. उघडणारी लेक होती, आठव्या महिन्यातली. आईला जाऊन चार महिने झाले होते. तिने मला बाहेर काढले, मांडीवर घेतले आणि माझ्यात तोंड खुपसले. बराच वेळ ती तशीच राहिली. मग एकदम डोके वर उचलून तिने मोठा श्वास ओढला.

मित्रांनो, तेव्हापासून मला घोर लागला. ती मोठी होती, तिला डोके उचलता आले.

मी मधोमध खोलगट झाले होते. लेकीने मला उसवले, कापूस बोटांनी मोकळा केला, त्यात नवा घातला आणि पुन्हा शिवले. माया आईचीच होती, पण टाके आईचे नव्हते. ते विरळ पडले, सैल पडले. मी टम्म फुगले. जो तो मला हात लावून म्हणायचा, "वा, काय मऊ!" जन्मात एवढे कौतुक कधी झाले नव्हते, आणि प्रत्येक कौतुकासरशी माझा जीव खालीवर व्हायचा.

बाळ झाले. तीन आठवड्यांचे झाले, तेव्हा त्याच्या सुतार बाबांनी खाट पुरी केली. त्याच दुपारी मला तिच्यात घातले. एका कडेला चार बोटांची फट राहिली.

"जावईबापू," लेकीची आत्या म्हणाली, "लोकांच्या खिडक्या बसवता केसभर फट न ठेवता, आणि पोराच्या खाटेला हा बोगदा?"

सुतार कान खाजवत म्हणाला, "मी बाजारातल्या गादीचं माप धरलं, आत्या. ही घालायचं नंतर ठरलं."

"असू दे, असू दे. पंचा गुंडाळून कोंबते." आत्याने पंचा कोंबलासुद्धा. वर एक उशीही ठेवली. "याच गादीवर आमची ही वाढली. काही झालं का तिला?"

मला ओरडावेसे वाटत होते. ती वाढली ती गादी निराळी होती, हो! ती घट्ट होती, खाटेत चपखल बसायची. पण गादीला कुठले तोंड? आत्या झोपलेल्या बाळाला घेऊन वाकली. बाळाच्या अंगाची ऊब मला जाणवू लागली. पालथे झाले तर? त्या फटीकडे सरकले तर?

"थांब, चादर सारखी करते," लेक म्हणाली आणि तिने माझ्यावरून हात फिरवला. मधोमध तो जरा दाबला गेला.

आईच्या हाताखाली ठसा राहिला, की मला लाज वाटायची. त्या दुपारी पहिल्यांदाच मी मनापासून म्हटले, राहू दे. उमटू दे.

लेकीने हात उचलला. पाचही बोटे तशीच राहिली.

ती बघत राहिली. मग तिने पुन्हा तळहात टेकवला, अगदी आईसारखा, आणि उचलला. मी वर आले नाही.

"आत्या, बाळाला माझ्याकडे दे."

"अगं, तुझ्या आईची गादी ना ही!"

"म्हणूनच," लेक म्हणाली. "आईनं ही पास केली नसती."

तिने पंचा काढला, उशी काढली, शेवटी मला काढले.

दुसऱ्या दिवशी सुतार नवी गादी घेऊन आला. लेकीने तिच्यावर हात दाबला, ती लगेच वर आली. कडेला बोट घालून पाहिले, एकच बोट कसेबसे शिरले. चादर ताणून बसवली. आत्याने गादीवर टिचकी मारली. "ही गादी? पाट आहे नुसता!" पण बाळ पाठीवर झोपले, आजूबाजूला काही नाही, नि आत्याने ती उशी आपल्याच पाठीशी घेतली.

मी आता खाटेशेजारच्या खुर्चीवर असते, दुमडलेली. लेक माझ्यावर बसते. म्हणून मित्रांनो, माझे मागणे एवढेच, की आम्हा जुन्यांना जपायचे तर खुशाल जपा, पण बाळाखाली घालून नव्हे. आणि नवी गादी घेतानाही तुमचा हात तिच्यावर टेकवून बघा.

लेक रोज दुपारी खाटेच्या गजांमधून हात घालते आणि बाळाच्या पोटावर अलगद तळहात टेकवते. मग जरासा उचलते.

हातामागोमाग पोट वर येते.

"हं," लेक म्हणते.