ओहोटीचे दार

वल्ह्याचा पहिला फटका कानशिलावर बसला तेव्हा होयबा मुकाट उभा होता. दुसरा खांद्यावर बसला आणि तो बांधावर गुडघे टेकून खाली आला. मारणारा परका नव्हता, सख्खा थोरला भाऊ होता. त्याच्या मागे खाडीतले मच्छीमार आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघत उभे होते.

"खाली बघ," थोरल्याने केसांना धरून त्याचे तोंड खाडीकडे वळवले.

खाडीचे पाणी काळे पडले होते. त्यावर मासळी पोट वर करून तरंगत होती, पार नखाएवढ्या पिल्लांपर्यंत.

"दादा, मी दार उघडलं फक्त."

"आणि आधी बंद कुणासाठी केलं होतंस?"

होयबाने दाराकडे पाहिले.

बांधातले दार सांभाळणे, एवढेच त्याचे आयुष्य. दाराच्या आत खाजण, म्हणजे खाऱ्या गवताची नजर पोचेल तिथवर पसरलेली दलदल, आणि बाहेर खाडी. भरतीचे पाणी आत घ्यायचे, ओहोटीला ते कुजक्या गवताचा गाळ घेऊन बाहेर जाऊ द्यायचे. मोठे उधाण आले तरच दार लावायचे. त्या गाळावर खाडीतली मासळी पोसते. लेकराला भरवावे तसे घासाघासाने करायचे काम ते.

पण या माणसाने उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हटले नव्हते, म्हणून तर लोक होयबा म्हणत. बायकोच्या भावाने खाजणाच्या कडेला जमीन तयार करून भाजी लावली आणि म्हणाला, "दाजी, रोपं मूळ धरेपर्यंत खारं पाणी नको." बायको म्हणाली, "माझ्या माहेरच्यासाठी एवढं तरी करा." झाले, दार बंद. कोंडलेल्या पाण्यात गवत सडले, वास घरात शिरला, तेव्हा याचे धाबे दणाणले. कुणाला कळायच्या आत निस्तरावे म्हणून आज सकाळच्या ओहोटीला त्याने दार सताड उघडले. जे रोज थोडे थोडे गेले असते तर अन्न झाले असते, ते सडून एकदम खाडीच्या नरड्यात गेले. मासळी गुदमरून मेली, ते पाहून त्याने दार पुन्हा लावले.

"नाव सांग," थोरला म्हणाला.

मेहुण्याचे नाव घेतले तर हे लोक त्याला गाळात गाडतील, हे होयबाला दिसत होते. "माझीच चूक, दादा."

तिसरा फटका डाव्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज थोरल्यालाही ऐकू गेला. त्याने वल्हे टाकले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि शिव्याही चालूच होत्या.

"दुपारची भरती आत घे," शेवटी तो म्हणाला. "मग ओहोटीला वीतभर सोड, जास्त नाही. आतलं असंच सडत राहिलं तर पुढच्या उधाणाला एकदम बाहेर येईल आणि उरलीसुरली खाडीही जाईल. मग मला भाऊ म्हणू नकोस."

दुपारी होयबाने मोडका हात पोटाशी धरून दार वर ओढायच्या चक्रात लोखंडी दांडा बसवला. तोच मेहुणा कोयता घेऊन धावत आला. त्याच्या मागे बायको.

"दाजी, हात काढा. माझी रोपं जळतील."

"आतलं पाणी मेलंय रे."

"मासे तुमच्या भावाचे मेले. त्यात माझं शेत का मारता?"

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हीच तर पंचाईत. होयबाने दांडा फिरवायला घेतला. मेहुण्याने पाते त्याच्या मानेला लावले.

"अहो, द्या ना सोडून," बायको म्हणाली. "आजवर कुणाला अडवलंत?"

नुसती मान हलवली असती तर घर वाचले असते. खाडी गेली असती.

"नाही," होयबा म्हणाला.

पाते मानेत रुतले. ऊन रक्त छातीवर उतरले, तसा त्याने दांडा उपसला आणि मेहुण्याच्या गुडघ्यावर हाणला. मग पुन्हा हाणला. मेहुणा आडवा झाला, कोयता पाण्यात गेला, तरी हा हाणतच राहिला. बायकोने दांड्याला लोंबकळून तो थांबवला. होयबाला बरे वाटत होते, आणि त्याची त्यालाच भीती वाटली.

बायकोने भावाला कसेबसे उभे केले, त्याचा हात आपल्या गळ्यात घेतला.

"साऱ्या जगाला हो म्हणालात," ती म्हणाली. "'नाही' तेवढं माझ्या माणसासाठी ठेवलं होतंत."

तिला सांगावेसे खूप वाटले, की हे मनगट त्याच्यासाठीच मोडून घेतलेय. पण तिच्या भावाचा पाय धड राहिलेला नव्हता, आता ते सांगून काय उपयोग. त्याने दांडा चक्रात घातला. दार वर सरकले. भरतीचे पाणी आत शिरू लागले आणि त्याबरोबर मेलेली मासळी येऊन दाराच्या फटीत अडकू लागली. तो पालथा पडला आणि चांगल्या हाताने ती एकेक काढून बांधावर टाकत राहिला. दोघे लंगडत बांधाच्या टोकाला पोचले तेव्हा तिने मागे वळून पाहिले की नाही, हे त्याला कळले नाही. मासळी सारखी येतच होती.