उताराची फरशी

"पाणी आण रे, टाकेवाल्या!" फौजदाराने आतून हाक मारली आणि मामांनी बादली उचलली. ही हाक आली म्हणजे आतला मार थांबलेला असायचा आणि फरशीवर रक्त असायचं.

ही चौकी म्हणजे मूळचा दवाखाना. मामा तिथले ड्रेसर. बावीस वर्षं त्यांनी तिथे जखमा धुतल्या, टाके घातले, मोडकी हाडं प्लास्टरमध्ये बसवली. फरशीला दाराजवळच्या मोरीकडे उतार त्यांनीच, गवंड्याच्या मानगुटीवर बसून, काढून घेतला होता. एका बादलीत सगळं साफ! पुढे दवाखाना बंद पडला, पोलीस आले, आणि त्यांना हीच खोली पसंत पडली ती त्या उतारापायी. मामांना त्यांनी पाणी भरायला ठेवून घेतलं. पोटासाठी मामा राहिले. आपलं शहाणपण असं कामाला येणार हे ठाऊक असतं, तर त्यांनी नुसती माती ठेवली असती.

आज टेबलाला बांधलेला माणूस तोच गवंडी होता. डोकं फुटलेलं, उजव्या हाताची बोटं भलतीकडे वळलेली. चोरी कबूल करत नव्हता, कारण केलीच नव्हती.

"मामा," तो पुटपुटला, "उतार बरोबर निघाला बघा."

मामांना रडावं की हसावं कळेना.

"दहाला मोठे साहेब तपासणीला येतायत," फौजदार म्हणाला. "याला मागच्या कोठडीत टाकतो. ते गेले की याचा निकालच लावतो. फरशी चकाचक पाहिजे."

"होय साहेब."

गवंड्याला फरफटत नेलं. मामांनी जुनं कपाट उघडलं. डब्यात प्लास्टरच्या शेवटच्या तीन पट्ट्या होत्या. त्या भिजवून त्यांनी मोरीच्या तोंडात अंगठ्याने ठासल्या. दहा मिनिटांत दगड होणार, हे त्यांच्या हातांना पाठ होतं.

मोठे साहेब व्हरांड्यात आले तेव्हा मामांनी लागोपाठ चार बादल्या ओतल्या. लाल पाणी मोरीवर अडलं, तुंबलं आणि दारातून थेट साहेबांच्या बुटांपर्यंत गेलं.

"हे काय?"

"रक्त, साहेब." मामांनी बादली खाली ठेवली. "माणूस मागच्या कोठडीत आहे. अजून जिवंत आहे. लवकर बघा."

गवंडी तासाभरात मोठ्या इस्पितळात पोचला आणि वाचला. फौजदाराची झाली फक्त बदली. निघायच्या दुपारी त्याने मामांचा उजवा हात त्याच टेबलाच्या कडेवर धरला आणि दंडुका घातला. एकदा नाही, तीनदा.

"आता घाल टाके!"

मनगटाच्या वर, दोन्ही हाडं. मामांनी न बघताच ओळखलं.

जीप गेल्यावर ते सवयीने कपाटाशी गेले. डाव्या हाताने डबा उघडला, तर तो रिकामा. तेव्हा कुठे त्यांना आठवलं. त्यांनी मोरीकडे पाहिलं. शिपायांनी दोन दिवस छिन्नी मारली होती, पण कडेचा एक टवका तेवढा उडाला होता. काम पक्कं बसलं होतं.

मामांनी खांद्यावरचा पंचा दातांत धरला आणि एका हाताने दुसऱ्यासाठी झोळीची गाठ मारायला घेतली.