फाटकाला बांधलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना सुती दोर आहे. सध्या शाळेच्या मागच्या फाटकाला बांधलेला असल्यामुळे मला जागचे हलता येत नाही. तुम्हीच जरा जवळ या.

कारखान्यात मला पीळ दिला, तेव्हा वाटले, आता जन्मभर ओझी बांधायची. पण मला पहिलीच्या बाईंनी विकत आणले. त्यांनी माझ्या अंगावर हात-हात अंतराने गाठी मारल्या आणि मुलांना बजावले, "एकेकाने एकेक गाठ धरायची. सोडलीत तर बघा!" मग आमची पलटण याच फाटकातून ओढ्यावर निघायची.

वर्गात पेंगणारी पोरे तिथे मुंग्यांच्या मागे रांगत आणि प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडत. शेवटची गाठ गप्पूची. ही मुलगी वर्गात चकार शब्द काढत नसे, म्हणून हे नाव. एकदा ती मला धरून जागीच थांबली आणि सगळी रांग अडली.

"बाई, हिला पाय कुठेत?" दगडावरच्या गोगलगायीकडे बोट दाखवून तिने विचारले.

"गोगलगाय आणि पोटात पाय, ऐकलं नाहीस?" बाई हसल्या.

गप्पूने खाली वाकून नीट पाहिले. "पोटात कुठले? ही पोटानेच चालते!"

तेव्हापासून ओढ्यावर तिचे तोंड मिटेना. मला कोण आनंद व्हायचा!

पुढे एक मुलगा घसरला. गुडघा खरचटला, पण हातातला बेडूक त्याने सोडला नाही. त्याच्या वडिलांनी मात्र शाळा डोक्यावर घेतली. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" मुख्याध्यापकांनी फाटक बंद करायला सांगितले. कुलूप सापडेना, म्हणून शिपाईमामांनी मलाच करकचून आवळले. ज्यांना बाहेर न्यायचो, त्यांचीच वाट मी अडवली. याचे मला फार वाईट वाटते.

गप्पू मधल्या सुट्टीत येते, आपली गाठ धरते आणि गजांतून ओढ्याकडे बघत राहते. बोलत काहीच नाही.

अखेर बाईंनी मुख्याध्यापकांचे मन वळवले. पण पावसाने फुगलेली मामांची गाठ काही सुटेना. मामांनी सुरी आणली, तर बाईंनीच त्यांना थांबवले. "नको मामा, किती वर्षांचा दोर आहे! उद्या सावकाश सोडवू."

त्या उद्याला आता आठवडा झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आमच्यातले सगळेच सांगतात. मला हात असते तर ते जोडून मी उलटेच सांगितले असते. मला जपू नका, खुशाल कापा. फक्त शेवटच्या गाठीला सुरी लावू नका. ती गप्पूला धरायची आहे.