आंब्याच्या पेटीतला लॅपटॉप

माझी धाकटी जाऊ मुंबईहून आली की आमचे सासरे एकदम शुद्ध बोलायला लागतात. एरवी बागेतल्या गड्यांवर अर्ध्या नाचणे गावाला ऐकू जाईल असं ओरडणारे दादा, ऋजुता फाटकात दिसली की "या, या, ऋजुताबाई! प्रवास सुखाचा झाला ना?" म्हणतात आणि खांद्यावरच्या पंचानं तिच्यासाठी खुर्ची पुसतात. मी या घरात पंधरा वर्षं आहे. माझ्यासाठी खुर्ची सोडा, पाटही कुणी पुसला नाही. मला ते म्हैस म्हणतात. "अगो म्हशी, हा चहा आहे की पाक?" अशी आमची सकाळ सुरू होते.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात ऋजुता आली ती आंब्याची लाकडी पेटी घेऊन. एप्रिलात दादांनीच तिला पाठवलेली. तिनं पेंढा बाजूला सारला आणि आतून एक जाडजूड जुना लॅपटॉप काढला. तिच्या ऑफिसनं मोडीत काढलेला, आतलं सगळं पुसून दिलेला.

"बॅग नव्हती, म्हणून पेटीत घातला. आंबे इतके नीट पोचतात, तर हाही पोचेल म्हटलं," ती म्हणाली. "दादा, तुमच्यासाठी. आता पत्रं तुम्ही स्वतः टाइप करायची. कुणावर अवलंबून राहायला नको."

कुणावर म्हणजे माझ्यावर.

मारुती मंदिराजवळ माझा कम्प्युटरचा क्लास आहे. चार कम्प्युटर आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. दादा बागायतदार मंडळाचे चिटणीस. रोज संध्याकाळी शेवटची बॅच सुटली की ते येतात, माझ्या शेजारी बसतात आणि पत्रं सांगतात. कलेक्टरला, रेल्वेला, कृषी खात्याला. मी टाइप करते, ते ऱ्हस्व-दीर्घावरून ओरडतात, मी उलट उत्तर देते. मग येताना ते मला कांदाभजी घेऊन देतात आणि आम्ही खात खात घरी येतो. माझे वडील मी तिसरीत असताना गेले. त्यामुळे असेल, पण दिवसातला तेवढा वेळ मला कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता. आणि ही बया नेमका तोच घ्यायला आली होती.

"विंडोज याला झेपणार नाही, वहिनी," ऋजुता पर्समधून सीडी काढत म्हणाली. "म्हणून लिनक्स टाकू. फुकट असतं, हलकं असतं आणि व्हायरसचा त्रास नाही."

मी मुलांना विंडोज शिकवते. लिनक्सचं मी नुसतं नाव ऐकलेलं. पण हे दादांसमोर सांगायची काही गरज नव्हती, आणि मी सांगितलंही नाही.

पहिल्या दिवशी सीडी घातली, रंगीत पडदा आला, आणि माउसचा बाण मधेच थिजला. किती वेळ वाट पाहिली तरी हलेना. ऋजुताचा चेहरा उतरला. मी आत गेले. त्या दिवशी आमटी फक्कड झाली होती, असं सगळे म्हणाले.

पण ही बाई हार मानणारी नव्हती. मुंबईला कुणाला तरी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी दादांना समजावून सांगायला लागली, "याची मेमरी कमी आहे, दादा. चित्रं दाखवतानाच हा दमतो. नुसत्या अक्षरांत इन्स्टॉल करू." सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर तिनं दोन शब्द टाइप केले आणि खरोखरच गाडी पुढे सरकली. फायली उतरायला लागल्या.

"वा, ऋजुताबाई! कमाल केलीत!" दादा म्हणाले. माझ्या पोटात असं दुखलं की विचारू नका. पंधरा वर्षांत मी कमाल केल्याचं त्यांना एकदाही दिसलं नव्हतं.

अर्ध्यावर पोचला आणि लॅपटॉप पट्कन बंद पडला. लगेच पुन्हा लावला, तर पावभर जाऊन बंद. ऋजुता म्हणाली, सीडी खराब असेल. दादांनी ती पंचानं पुसली. मग म्हणाली, तुमच्याकडची लाइटच कमीजास्त होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं. पण दादांनी हुकूम सोडला, त्यामुळे क्लासातला तो जडशीळ यूपीएस स्कूटीवर घालून मलाच आणावा लागला. जेवणं झाल्यावर तो जोडून पुन्हा सुरू केलं. पुन्हा अर्ध्यावर बंद.

दादांनी नाक वर केलं. "काहीतरी जळतंय."

"मी कशाला जळू?" मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

"अगो, वास येतोय म्हणतोय मी," दादा म्हणाले.

मी तोंड फिरवून यूपीएसची वायर नीट करायला लागले. ऋजुता थकून खुर्चीत टेकली. "वहिनी, तुम्ही बघता का जरा?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाले, त्यांच्या त्या ठेवणीतल्या शुद्ध भाषेत, "उल्काला यातलं काही समजायचं नाही, ऋजुताबाई. ती आपली क्लासपुरती."

मी गप्प बसले असते तर लॅपटॉप आला तसा पेटीत बसून परत गेला असता, आणि माझ्या संध्याकाळी मला राहिल्या असत्या. हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण "क्लासपुरती"? आणि तेही तिच्यासमोर?

"सरक," मी ऋजुताला म्हटलं.

सीडी खराब असती तर दर वेळी एकाच जागी अडली असती. इथे तसं नव्हतं. थंड असताना अर्ध्यापर्यंत गेला, लगेच लावला तर पावभरच, आणि जेवणाच्या वेळात विसावा मिळाल्यावर पुन्हा अर्ध्यापर्यंत. म्हणजे दुखणं तापण्याचं होतं. मी लॅपटॉपखाली हात घातला. आंब्याच्या अढीत हात घातल्यावर लागते तशी ऊब, नव्हे, चटकाच बसला. शिलाई मशीनच्या खणातला बारका स्क्रू ड्रायव्हर आणला, लॅपटॉप पालथा घातला आणि पंख्यावरचं झाकण उघडलं.

आत पेंढा. काड्यांचा आणि भुशाचा चांगला बोळा पंख्यात अडकून बसला होता, आणि त्याची टोकं करपून तपकिरी झाली होती.

जुन्या टूथब्रशनं सगळं साफ केलं. झाकण लावलं, सीडी घातली. पंखा घुर्र करून फिरला. अर्धं झालं, पाऊण झालं, आणि शेवटी काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ आली. म्हणजे लिनक्स बसलं.

मग मी तो करपलेला बोळा तळहातावर घेऊन दादांसमोर धरला. "बघा, हा निघाला आतून. कुठून आला ते तुमच्या ऋजुताबाईंना विचारा." मला तिची ती "अहो-जाहो" एकदा जमिनीवर आलेली बघायचीच होती.

दादांनी बोळा बघितला. कोपऱ्यातली पेटी बघितली. शुद्ध भाषा गळून पडली.

"अगो म्हशी! पेंढा म्हशीला घालतात, कम्प्युटरला नव्हे! आंबा वाटला काय गो तुला, अढीत घालायला?"

"ओ," मी सवयीनं म्हटलं.

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

ऋजुता आधी दचकली. मग तिचे डोळे भरून आले, आणि ती चक्क हसत होती. "दादा, लग्नाला नऊ वर्षं झाली. आज पहिल्यांदा मला 'अगो' म्हणालात," ती म्हणाली. "वहिनींना ओरडता ना, तेव्हा वाटायचं, मला कधी ओरडणार? मी काय जन्मभर पाहुणीच?"

"पुरे, रडू नको आता," दादा जरा ओशाळले. "जा, चहा टाक."

ती उड्या मारत स्वयंपाकघरात गेली. माझ्या स्वयंपाकघरात. म्हैस ही पदवी पंधरा वर्षं एकट्या माझी होती, आणि ही बया ती एका पेंढ्याच्या बोळ्यावर घेऊन गेली. बोळा काढला कुणी, तर मी!

दादा माझ्याकडे वळले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी खुर्ची पुसली, नीट, पाठीसकट.

"बसा, उल्काबाई," ते म्हणाले. "दमलात. कमाल केलीत हो तुम्ही."

मी बसले नाही. आत गेले, ऋजुताच्या हातातून चहाचं भांडं काढून घेतलं आणि त्यात आणखी चार चमचे साखर घातली. कप तिच्या हाती देऊन तिला बाहेर पाठवलं, आणि ओट्याशी उभी राहून 'अगो म्हशी' अशी माझ्या नावानं हाक येते का ते ऐकत राहिले.