ऑटर हार्बरचे बँडवाले

शाळेतल्या एकूण एक शिक्षकाने नकार दिल्यावर हेडमास्तर ट्रेम्बाथ स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. १९७२ सालचा नोव्हेंबर होता. ऐली कोस्केला पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, करत होती आणि कोपरापर्यंत पिठात होती. सत्तावीस वर्षं ती त्या शाळेत पोरांना जेवण करून वाढत होती, आणि हेडमास्तर या खिडकीशी कधी येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पेस्टी एकच मिळेल," ती मान वर न करता म्हणाली. "दुसरी मागू नका."

"पेस्टी नकोय, ऐली. हॉकी."

"ते आज केलेलं नाही."

ट्रेम्बाथ कसंनुसं हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. शाळेच्या मंडळाला बास्केटबॉल परवडत होता, बर्फावरची हॉकी नको होती. पण पोरांच्या बापांनी हट्टाला पेटून स्वतःच क्लब काढला होता. चौदा पोरं जमली होती, तळ्याकाठी बर्फाच्या मैदानाची जुनी लाकडी रिंक मिळाली होती, शिकवायला लाकडाच्या ट्रकवरचा लिओनार्ड बियांकी होता. मंडळाने शाळेचं नाव वापरायला परवानगीही दिली, पण एक अट घालून. प्रत्येक सामन्याला शाळेचा एक तरी नोकर संघाच्या बाकावर हजर पाहिजे.

"आणि मी तिथे काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

ऐलीने हात झटकले. "सत्तावीस वर्षांत या शाळेत मला बसायला सांगणारे तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. "येते मी."

घरी नवऱ्याने, रेनोने, हे ऐकून कॉफीचा कपच खाली ठेवला. "अगं, तुला ऑफसाइड म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"तुला यीस्ट किती वेळ फुगवायचं माहीत आहे? तरी रोज पाव खातोसच की."

रेनो नुसता चावत राहिला. वेलचीचा गोड पाव त्याच्या तोंडातच होता.

संघाकडे अंगावर घालायला काही नव्हतं. गावची खाण चार वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि तिच्याबरोबर खाणकामगारांचा बँडही. त्या बँडचे किरमिजी लोकरी स्वेटर कुणाच्या तरी माळ्यावर पडून होते. छातीवर सोनेरी दोऱ्याने विणलेली तुतारी. पोरांनी तेच चढवले. पहिला सामना शेजारच्या साउथ पोर्टेज गावात होता आणि तिथले लोक काही भोळे नव्हते. पोरं बर्फावर उतरली मात्र, वरून आवाज आला, "ए बँडवाले! मिरवणूक कुठे चाललीय?"

त्या दिवशी बँड वाजला तो बँडवाल्यांचाच. चौदा विरुद्ध शून्य.

ऐली बाकाच्या टोकाला शाल लपेटून बसली होती. तिच्याकडे एकच काम आलं होतं, बाकावरून बर्फावर जायचं दार उघडायचं आणि लावायचं. तीन-तीन पोरांच्या तीन फळ्या होत्या. दर मिनिटाला एक फळी धापा टाकत आत यायची, दुसरी बाहेर पडायची. चौदावा गोल झाल्यावर ती गोलकीपरला म्हणाली, "बाळा, तू दमलास का?" तो बिचारा रडायच्या बेतात होता. तो हसलाच.

नाताळाआधी आणखी तीन सामने हरले. मग लिओनार्डला दर आठवड्याला विस्कॉन्सिनला लाकूड न्यायचं काम लागलं. सामने गुरुवारी असायचे, तो शनिवारी परतायचा.

"तुम्ही फक्त दार सांभाळा," त्याने ऐलीच्या हातात कागद ठेवला. "फळ्या मी लिहून दिल्यात. पहिल्या फळीत माझा डेनी, रॉय हेपोला आणि मार्टिन. संघातले सगळ्यात तेज तिघं. बाकीचे आपले उतरत्या क्रमाने."

ऐलीने कागद घडी घालून एप्रनच्या खिशात टाकला. पण तो कागद तिला पटला नव्हता. हॉकी तिला कळत नव्हती हे खरं, पण ही पोरं तिला लिओनार्डपेक्षा जास्त कळत होती. रोज बारा वाजता ती सगळी तिच्या खिडकीसमोरून जायची. ऑक्टोबरात डेनीने रॉयची स्नोमोबाईल, बर्फावर पळवायची गाडी, मागून नेली होती आणि पहिलाच हिमवर्षाव झाल्या दिवशी, अजून धड न गोठलेल्या तळ्यावर घालून बुडवली होती. स्वतः पोहत बाहेर आला, गाडी खालीच राहिली. तेव्हापासून रॉय रिकामं ताट ठेवायलासुद्धा सगळ्या खोलीला वळसा घालून जायचा, डेनीच्या टेबलाजवळून जायला नको म्हणून. आणि बर्फावर? तिथेही तेच. रॉयकडे पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आली की तो डेनी सोडून कुणालाही द्यायचा. एकदा तर त्याने ती सरळ पंचाच्या पायाशी दिली.

डेनी जेवायचा ऑर्विल ट्रेगियर आणि ज्युनियर साल्मेला यांच्याबरोबर. ऑर्विल म्हणजे हाडांची काठी, चष्मा रबराने डोक्याला बांधलेला. ज्युनियर दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल असा. दोघंही लिओनार्डच्या तिसऱ्या फळीत. पण टेबलाखाली पत्ते खेळताना या तिघांना बोलावं लागत नसे. ऑर्विलने भुवई उचलली की डेनीचं पान पडलंच.

जानेवारीत साउथ पोर्टेज ऑटर हार्बरला आलं. पहिल्या डावातच पाच गोल चढले. विश्रांतीत पोरं माना खाली घालून बसली होती. ऐली उठली.

"आता टेबलाप्रमाणे खेळायचं," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही.

"जे एका टेबलावर जेवतात ते एका फळीत. डेनी, तू ऑर्विल आणि ज्युनियरबरोबर. रॉय, तू खिडकीजवळच्यांबरोबर. मार्टिन, तू कुणाबरोबर जेवतोस तेच मला समजत नाही. तू जिथे जागा असेल तिथे जा."

डेनी ताडकन उभा राहिला. "मिसेस कोस्केला, अहो, ऑर्विलला स्केटिंग येत नाही!"

"वळता येत नाही," ऑर्विल शांतपणे म्हणाला. "सरळ येतं."

"मग सरळ जा," ऐली म्हणाली. "वळायचं काम डेनी करील."

ऑर्विल सरळ गेला. इतका सरळ गेला की साउथ पोर्टेजचे दोन बचावपटू त्याला चुकवण्यासाठी बाजूला झाले आणि मधल्या वाटेने डेनीने संघाच्या इतिहासातला पहिला गोल मारला. क्षणभर कुणी ओरडलंच नाही, काय करायचं असतं तेच कुणाला माहीत नव्हतं. मग रेनो, जो फक्त बायकोला घरी न्यायला आला होता, बाकड्यावर चढून नाचायला लागला. सामना सहा-चार असा हरले, पण गावातून मोटारींचे भोंगे असे वाजत गेले की पादरीबाबा खिडकीत येऊन युद्ध संपलं का विचारू लागले.

शनिवारी लिओनार्ड तडक ऐलीच्या घरी आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"माझी पहिली फळी मोडलीत म्हणे तुम्ही."

"बसा. कॉफी घ्या."

"कॉफी नको. शहाण्णव साली नव्हे, छप्पन साली मी या गावातून राज्याच्या संघात गेलो होतो, बाई. मला हॉकी कळते."

"शहाण्णव साल अजून यायचंय, लिओनार्ड. रागात तोंडाला येईल ते बोलू नका," ऐली पाव कापत म्हणाली. "तुमची फळी आधीच मोडलेली होती. ज्या पोराची स्नोमोबाईल तुमच्या डेनीने तळ्यात घातली, तो त्याला पक कशाला देईल?"

लिओनार्डचा हात कपाकडे चालला होता तो तिथेच थांबला.

"कुठली स्नोमोबाईल?"

ऐलीच्या हातातली सुरी थांबली. बापाला काहीच माहीत नव्हतं! तिला स्वतःच्या जिभेचा असा राग आला की विचारू नका. रेनोने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं, म्हणजे तो हसत होता.

"डेनी मला म्हणाला, शेकोटीला लाकडं आणताना भिजलो," लिओनार्ड हळूच म्हणाला. मग त्याने टोपी काढली, पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि निघून गेला. डेनीचं आता काय होणार या काळजीने ऐलीचा रविवार वाईट गेला.

झालं ते वेगळंच. पुढच्या शनिवारी सकाळी लिओनार्डने लाकडाचा ट्रक तळ्याकाठी लावला आणि त्याचा साखळदंड बर्फावर ओढत नेला. तळं आता हातभर जाड गोठलं होतं. डेनीने जागा दाखवली, रॉयने करवत धरली. दोघांनी एकमेकांकडे न बघता बर्फात खिडकीएवढं भोक पाडलं. ते पुरेना, मग दाराएवढं पाडलं. सगळा संघ आला, अर्धा गाव थर्मास घेऊन आला. ज्युनियरने गळ टाकून टाकून अखेर काहीतरी पकडलं. ट्रक गुरगुरला, साखळी ताणली गेली आणि चिखलाने माखलेली, शेवाळाची दाढी आलेली स्नोमोबाईल वर आली. सीटखालून एक मासा पडला.

"हा माझा," रॉय म्हणाला.

"गाडी तुझी. मासा मी आणलेला," डेनी म्हणाला.

ऑक्टोबरनंतर दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले होते. त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर डेनी रॉयच्या गॅरेजमध्ये ते इंजिन सोडवत बसायचा. ही लिओनार्डने दिलेली शिक्षा होती, पण पंधरवड्यात ती शिक्षा राहिली नाही.

लिओनार्ड मात्र दर शनिवारी विचारायचा, "आता लावू का त्यांना एका फळीत?"

"अजून नाही," ऐली म्हणायची. "अजून एकमेकांकडे मीठ मागत नाहीत."

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी रॉय ताट घेऊन आला, वळसा न घालता डेनीच्या समोर बसला आणि न विचारता त्याच्या ताटातली अर्धी पेस्टी उचलून खाल्ली. डेनीने त्याला एक शिवी घातली आणि उरलेली अर्धी वाचवली. खिडकीत उभ्या असलेल्या ऐलीने पळी खाली ठेवली. मीठ मागण्याच्या पुढची पायरी होती ही.

गुरुवारी हंगामातला शेवटचा सामना, पुन्हा साउथ पोर्टेजमध्ये. तोवर बँडवाले अकरा सामने खेळून अकरा हरले होते. लिओनार्डने काम बुडवलं आणि आला, पण बाकामागे उभा न राहता ऐलीच्या शेजारी बसला. शेवटच्या डावात पाच मिनिटं उरली, दोन-दोन अशी बरोबरी होती.

"आज तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"डेनी, रॉय, ऑर्विल," ऐलीने दार उघडलं.

"ऑर्विल?" लिओनार्ड कळवळला.

"सरळ कुणीतरी जायला पाहिजे ना."

ऑर्विल सरळ गेला आणि या वेळी त्याला थांबताही आलं नाही, तो गोलाच्या मागच्या फळकुटावर जाऊन आदळला. दोन्ही बचावपटू त्याच्याकडे बघत राहिले. डेनीने मान वर न करता पक डावीकडे सोडली. तिथे रॉय असणार हे त्याला बघायची गरजच नव्हती. गोल! उरलेली चार मिनिटं ऐलीने डोळे मिटून काढली आणि लिओनार्डचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्यावर पाच बोटं निळी उमटली होती. शिट्टी वाजली. तीन-दोन. चौदाही पोरं बर्फावर एकावर एक पडली. सगळ्यात खाली ऑर्विल होता आणि चष्मा शोधत होता.

बारा सामने, एक विजय. संघाच्या पहिल्या हंगामाची नोंद एवढीच आहे.

ऐली त्यानंतर एकोणीस हंगाम त्या बाकावर बसली. १९८४ साली मंडळाला एकाएकी प्रेम आलं. संघाला शाळेचा अधिकृत संघ करतो, नवे कपडे देतो, बस देतो, फक्त बाकावर प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक पाहिजे. म्हणजे ऐली नको. पोरांनी व्यायामशाळेत मत घेतलं. निकाल सांगायला त्यांचा कर्णधार स्वयंपाकघरात आला, ज्युनियरचा पुतण्या होता तो.

"आम्ही क्लबच राहणार, मिसेस कोस्केला. सतरा विरुद्ध शून्य."

"मूर्ख आहात," ऐली म्हणाली. "बस मिळत होती." आणि कांदा चिरत नसतानाही तिला डोळे पुसावे लागले.

त्या वर्षी बँडवाले अकरा सामने जिंकले. साउथ पोर्टेजकडून मात्र दोनदा हरले, आणि परत येताना पालकांच्या मोटारींच्या रांगेतून पोरं इतक्या मोठ्याने गात आली की वाटेतल्या प्रत्येक गावाला वाटलं, हेच जिंकून आलेत.