आत्याची फिकट नळी

सोन्याचे मोजके अणू एकत्र आणून त्यांचे इवलेसे पुंजके रक्तातल्या प्रथिनात वाढवले, की अतिनील दिव्याखाली ते निखाऱ्यासारखे लाल चमकतात. रक्तातली साखर वाढून प्रथिनाला चिकटली असेल तर ही लाली मंदावणार, असं भाचीचं म्हणणं होतं. प्रयोग मात्र ऐकायला तयार नव्हता. शेवटी प्रयोगशाळेच्या बाईंनी बजावलं, ही शेवटची खेप बघ, नाहीतर संशोधनाला दुसरा विषय घे.

आधी साखर आटोक्यात असलेल्यांचं रक्त तपासायचं होतं; त्यांच्या नळ्या लालच दिसायला हव्या होत्या. आत्याला मधुमेह होता, पण महिनाभर गोडाला शिवले नाही, असं ठणकावून सांगत तिने स्वतःहून हात पुढे केला.

भाचीने अंधाऱ्या खोलीत दिवा लावला. सगळ्या नळ्या लालबुंद, एक तेवढी फिकट. तिने कपाळाला हात लावला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नळीवरचा आकडा जुळवून पाहिला, तर आत्या. म्हणजे पद्धतच खोटी, कारण आत्या कशाला खोटं बोलेल? तरी तिने फोन लावला.

गोड खाल्लंस का विचारताच पलीकडून आधी पावसापाण्याच्या गप्पा आल्या. मग आत्या म्हणाली, "केकचा एकच तुकडा गं. रोज."

भाचीला हसू आवरेना. हातातला फोन तसाच धरून ती व्हरांडाभर नाचली, बाईंना ओढत आणलं, वाटेत खुर्ची पाडली.

"माझी साखर वाढली आणि तू हसतेस?" फोनमधून आत्या फणकारली.

"आत्या, तू माझा विषय वाचवलास."

बाई शहाण्या. एकच नळी बघून शितावरून भाताची परीक्षा नको, म्हणाल्या. रुग्णालयातून साखर वाढलेल्यांचं रक्त आणवलं. त्या नळ्याही फिकट निघाल्या, तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि चक्क शीळ घातली.

डॉक्टरांकडून बोलणी आणि वाढीव गोळ्या घेऊन आत्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हजर झाली. आपली नळी तिने दिव्याखाली धरली आणि आल्यागेल्याला दाखवू लागली. "ही बघा, ही माझी. बाकीच्यांत काय आहे, सगळ्या सारख्याच."

बाई हसून हसून टेबलाला टेकल्या. भाचीला तर उचकीच लागली.